संगणकातला बेनिग्नो

उन्हं कलली तसं सेफेरीनाबाईंचं अंगण माणसांनी फुलून गेलं. आंब्याखाली, पायऱ्यांवर, कुंपणाच्या दगडांवर, जागा मिळेल तिथे लोक टेकले होते. गार तेरेरेचा, औषधी पाल्याच्या पेयाचा, पेला एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता, पण बोलत कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा ओसरीतल्या टेबलावर खिळल्या होत्या. टेबलावर घरातला एकुलता एक संगणक. त्याच्यापुढे मेणबत्ती, पाण्याचा पेला आणि गेल्या वर्षी वारलेल्या नवऱ्याचा, बेनिग्नोचा फोटो.

संगणकाला कुणाचाही हात लागलेला नव्हता. तरी पडद्यावरचा बाण हलला. आधी थरथरला, मग सरकत सरकत मधोमध आला. एक कोरं पान उघडलं आणि त्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

'सेफे, मी आलोय.'

अंगणात एकदम हुंदका फुटला. बायकांनी क्रूस काढला. सेफेरीनाबाईंनी पदरासारखी ओढलेली शाल तोंडावर दाबली. 'सेफे' म्हणून त्यांना जगात एकच माणूस हाक मारायचा, आणि तो आता पासो कुरुपाय गावच्या दफनभूमीत झोपला होता.

"बघा, उजेडाच्या लेकरांनो!" पांढऱ्या सदऱ्यातला, सगळे 'एर्मानो' म्हणजे भाऊ म्हणत तो सिप्रियानो दोन्ही हात पसरून उभा राहिला. "शास्त्रज्ञ काय सांगतात? माणूस म्हणजे वीज! मेल्यावर वीज जाईल कुठे? जिथे वीज, तिथे आत्मा. आणि यंत्रात काय असतं?"

"वीज!" गर्दी ओरडली.

"मग यंत्रात कोण असतं?"

"आत्मा!"

मागच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या लिदुविनाच्या मनात आलं, वीज तर आमच्या इस्त्रीतही असते. तिथे कुणाचा आजोबा कसा येत नाही? पण बोलणार कुणापुढे? ती या घरची सून. नवरा ब्युनोस आयर्सला बांधकामावर. ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि शाळेत शिकवणाऱ्या सुनेचं ऐकणारी सासू त्या गावात तरी अजून जन्मायची होती.

एर्मानोने डोळे मिटले. "बेनिग्नो म्हणतोय... परवा सकाळी तू न्याहारीला पिठाचा म्बेजू भाजत होतीस. तव्यावर करपला. नातीला म्हणालीस, 'तुझ्या आजोबांना असाच करपलेला आवडायचा.' खरं की खोटं, माते?"

"खरं," सेफेरीनाबाई कापऱ्या आवाजात म्हणाल्या. "अगदी हेच म्हणाले मी. हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं. तो तुझ्या शेजारी उभा होता!" आता एर्मानोचा आवाज खाली आला, मधासारखा चिकट झाला. "पण त्याला तुझ्या जवळ येता येत नाहीये, माते. तू रोज पोटात सुई टोचून घेतेस ना? ते विष त्याला ढकलतं. तो बोलायला लागेपर्यंत सुई सोड. आणि तुझी ओढ्याकाठची ती जागा, तिथे प्रार्थनाघर व्हावं अशी त्याची इच्छा आहे. रविवारी सही कर. मग बघ, रोज बोलेल तुझ्याशी."

सेफेरीनाबाईंनी मान डोलावली. लिदुविना खांबापासून पुढे सरकली. जागा गेली तर जाऊ दे, पण ती सुई म्हणजे इन्सुलिन होतं.

त्या रात्री तिने फ्रिजमधून औषध काढून सासूपुढे धरलं. सासूने हात झटकला.

"आई, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? एक वेळही चुकवायचं नाही."

"डॉक्टरीणबाईंना माझा नवरा परत आणता येतो का?"

"आई, तो माणूस लबाड आहे हो."

"लबाड? मी करपवलेला म्बेजू त्या लबाडाला दिसला का? तू सांगितलंस का त्याला? नाही ना? मग गप बस. चार पुस्तकं वाचलीस म्हणून मेलेली माणसं तुला विचारून बोलणार नाहीत."

लिदुविनाने पुन्हा पुन्हा विनवलं. रागावून बघितलं. नवऱ्याला फोन लावून त्याच्याकडूनही बोलवून घेतलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या घटाघट पाणी पिऊ लागल्या, उठता बसता धाप लागू लागली. शनिवारी दुपारी त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि बोलताना शब्द मध्येच हरवत होते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "त्यांना आणा, लगेच आणा." पण शुद्धीत असलेल्या, नाही म्हणणाऱ्या बाईला उचलून कसं आणायचं? लिदुविनाने धरलं तर त्या शेजाऱ्यांना हाका मारत होत्या, आणि शेजारी एर्मानोच्या बाजूचे.

गावात दुपारी सगळं निजतं, कुत्रीसुद्धा. लिदुविनाला मात्र झोप येईना. ती ओसरीतल्या खुर्चीवर बसून एकच गोष्ट घोळवत होती. या माणसाला नेमकं काय काय कळतं?

म्बेजू करपला तो शेगडीवर, आणि स्वयंपाकघरात धूर कोंडतो म्हणून शेगडी ओसरीतच आणून ठेवलेली. कामावर पडून नवऱ्याचा खांदा दुखावला हे एर्मानोने 'पाहिलं', ते नवऱ्याने या संगणकावरच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं, ओसरीत. लेकीची, आनालीची, शाळेतली मारामारी, तीही ओसरीतच बोलली गेली. 'सेफे' ही हाकही सासूबाई फोटोशी बोलताना ओसरीतच आठवत. आणि मागल्या अंगणात? तिथे विहिरीपाशी सासूबाई पाय घसरून पडल्या, गुडघा फुटला, दोघींनी मिळून रडून घेतलं. त्याबद्दल बेनिग्नो एक अक्षर बोलला नव्हता. बायको पडली ते नवऱ्याला दिसलं नाही आणि करपलेला म्बेजू दिसला?

मग तिने गावाकडे बघितलं. मेलेले कुणाच्या घरी बोलत होते? औषधवाल्याकडे, सुताराकडे, खाटकाकडे. तिघांकडे संगणक, तिघांकडे शाळेतली पोरं. टेकडीवरच्या ब्रिखिदाबाईचे तीन मुलगे नदीत बुडून गेले. ती बिचारी एर्मानोच्या दारात बसून बसून थकली, पण तिच्याशी एकही मुलगा बोलला नाही. तिच्या घरी संगणक नव्हता.

लिदुविनाने मान वर करून संगणकाकडे बघितलं.

पडद्याच्या वरच्या काठावर, कॅमेऱ्याच्या बाजूला, हिरवा ठिपका पेटलेला होता. कुणाशी बोलणं चालू असलं की तो पेटतो. आता कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

तिने मोठ्या कष्टाने चेहरा सरळ ठेवला. जांभई दिल्यासारखं केलं आणि उठता उठता पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नजर टाकली. शाळेतल्या संगणकावर त्या जागी छोटी हिरवी ढाल असते. अँटीव्हायरस जागा असल्याची खूण. इथे ढालीवर लाल फुली होती.

पोरांना तिने मागच्या अंगणात नेलं, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. आनाली तेरा वर्षांची, डेर्लिस दहाचा.

"अँटीव्हायरस कुणी बंद केला?"

"काय बंद केलं?" डेर्लिस म्हणाला, पण त्याचे डोळे बहिणीकडे गेले.

"डेर्लिस, मी ओरडणार नाही. मारणार नाही. पण आजीच्या जिवाचा प्रश्न आहे. आता खोटं बोलाल तर उशीर होईल."

आनालीचा चेहरा पांढराफटक पडला. "आजीचा काय संबंध?"

"तूच सांग मला. काय केलंस?"

"खेळासाठी केलं, आई." तिला रडू फुटलं. "त्यात हिरे लागतात. सगळ्यांकडे आहेत. बसथांब्याजवळच्या दुकानातला फ्रेदी फुकट देतो. त्याने पेनड्राइव्ह दिला. लावला की लाल पाटी येते, 'धोका आहे' म्हणून. फ्रेदी म्हणाला, ती पाटी खोटंच ओरडते, कंपन्यांना तुम्ही फुकट खेळलेलं बघवत नाही. आधी अँटीव्हायरस बंद करा, मग चालवा. आणि आईला सांगू नका, तिला यातलं काही कळत नाही."

"आणि तो तुम्हाला बंद करता आला? काहीही न विचारता?"

"दोनदा दाबलं की झालं," डेर्लिस नाक पुसत म्हणाला. "तुझ्याच नावाने उघडतो ना आपण सगळे. पासवर्ड कुठाय त्याला?"

लिदुविना मनात हिशेब करू लागली. घराला कुलूप होतं, सायकलीला कुलूप होतं, साखरेच्या डब्याला मुंग्यांसाठी पाण्याची थाळी होती. आणि ज्या यंत्रापुढे सगळं घर बसतं, बोलतं, रडतं, त्याची किल्ली तिने पोरांच्या हातात देऊन ठेवली होती. एका शब्दाने समजावलंही नव्हतं.

"हा फ्रेदी," तिने विचारलं, "एर्मानोच्या खुर्च्या मांडतो तोच ना?"

"त्याच्या बहिणीचा मुलगा आहे," आनाली म्हणाली, आणि बोलता बोलताच तिने तोंडावर हात ठेवला. "आई... म्हणजे तो आपल्याला बघतोय?"

"बघतोय, ऐकतोय आणि तिकडे बसून आपल्या पडद्यावर लिहितोय. त्या पेनड्राइव्हमधून खेळाबरोबर आणखी एक प्रोग्राम आत शिरलाय. तो चोराला खिडकी उघडून देतो. कुत्र्याने भुंकू नये म्हणून तुम्ही आधीच त्याचं तोंड बांधलं होतं."

"मी जाऊन आत्ताच तार ओढते!"

"थांब. तार ओढली तर एर्मानो म्हणेल, सुनेने आत्म्याला हाकललं. आजी उद्या सही करेल आणि सुई कधीच घेणार नाही. तिने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं." लिदुविनाने दोघांना जवळ ओढलं. "उद्यापर्यंत ओसरीत नेहमीसारखं वागायचं. जमेल?"

पोरांनी माना हलवल्या. 

संध्याकाळी लिदुविना मैत्रिणीशी बोलत असल्यासारखा मोबाइल कानाला लावून संगणकासमोर बसली. फोन लावलेलाच नव्हता.

"निमिया, तुझ्यापाशीच बोलते हं, कुणाला सांगू नकोस. सासऱ्यांचं बाल्बिनावर किती प्रेम होतं, तुला कल्पना नाही. ती गेली तेव्हा दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. हो ना! आता सासूबाईंपुढे नुसतं तिचं नाव काढलं तरी त्यांचे डोळे भरतात... असू दे बाई, मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. हिरवा ठिपका तिच्याकडे टक लावून बघत होता.

रविवारी अंगणात आदल्या वेळेपेक्षा दुप्पट गर्दी. टेबलावर जागेचे कागद मांडलेले, वर पेन. सेफेरीनाबाईंना शेजारच्या दोघींनी धरून आणून बसवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. लिदुविनाने बाहेर शाळेतल्या सहकाऱ्याची गाडी उभी करून ठेवली होती, डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलं होतं.  आज डाव फसला तर पुढची दुपार सासूला दिसेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

एर्मानोने डोळे मिटले, मान गरगर फिरवली. "रडतोय! बेनिग्नो रडतोय! त्याच्या छातीवर धोंडा आहे. एक नाव... ब... बा... बाल्बिना!"

पायऱ्यांवर बसलेले दोन म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. सेफेरीनाबाईंनी जड पापण्या उचलल्या.

"बाल्बिना?"

"क्षमा कर त्याला, माते! तुझ्यापासून लपवलं त्याने. प्रेम होतं त्याचं तिच्यावर. ती गेली तेव्हा त्याने अन्न सोडलं होतं. हे मला कोण सांगेल? तोच सांगतोय!"

"एर्मानो," मागून लिदुविनाने विचारलं, "दिसायला कशी होती हो ती?"

एर्मानोला हुरूप आला. "सुंदर! लांब काळेभोर केस. मोठे मोठे डोळे. चाल तर अशी डौलदार, की वाटेवरचे लोक वळून बघायचे."

"आणि पोरंबाळं?" हा प्रश्न सेफेरीनाबाईंचा होता. आवाज क्षीण, पण त्यात काहीतरी ताठ झालं होतं.

"एक मुलगी, माते. बेनिग्नोचीच. तोही दोष त्याच्या पदरी आहे. ही जागा प्रार्थनेला दिलीस तर तो धुऊन निघेल."

सेफेरीनाबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. कुणी धरायला पुढे झालं, त्याला त्यांनी बाजूला सारलं.

"बाल्बिना," त्या म्हणाल्या, "आमची घोडी होती. दुधाची गाडी ओढायची."

 पायऱ्यांवरच्या एका म्हाताऱ्याला हसू फुटलं. "तिची पोरगी बेनिग्नोची? अरे, मग शेपूट कुणावर गेलं होतं?" गर्दीत खसखस पिकली.

"आत्मे कोड्यात बोलतात!" एर्मानोने हात उंचावले. "उजेडाच्या लेकरांनो, घोडी हे एक रूपक—"

"माझ्या नवऱ्याने ती घोडी पाळण्यातल्या पोरासारखी वाढवली," सेफेरीनाबाई म्हणाल्या. "मेल्यावर तिला बाई समजायला लागला का तो? तू कुणाशी बोलतोयस रे? माझ्या बेनिग्नोशी तर नाही."

त्याच क्षणी पडद्यावरचा बाण धावला. 'सेफे, विश्वास ठेव' अशी अक्षरं उमटू लागली. काही बायका पुन्हा क्रूस काढू लागल्या. लिदुविना तीन ढांगांत टेबलापाशी पोचली आणि तिने इंटरनेटची तार उपटली.

अक्षरं 'विश्वा'वर थांबली.

"वीज चालू आहे," ती गर्दीकडे वळून म्हणाली. "पडदा उजळलेला आहे. विजेत आत्मा असतो ना, एर्मानो? मग सांगा त्याला, पुढचं अक्षर लिही. मी फक्त बाहेरून येणारी तार काढलीय."

लोक बघत राहिले. बाण हलला नाही. एर्मानो मंत्र पुटपुटला, पेल्यातलं पाणी शिंपडलं, घाम पुसला. बाण हलला नाही.

"आनाली, ये."

पोरगी पुढे आली.  "मी फ्रेदीकडून खेळाचा पेनड्राइव्ह आणला," ती म्हणाली. "लाल पाटी आली तेव्हा मी अँटीव्हायरस बंद केला. त्याने तसं सांगितलं होतं. मग तो इथलं सगळं ऐकायला लागला. काल आईने या संगणकासमोर बाल्बिनाचं नाव घेतलं, आणि आज यांनी ते सांगितलं." तिने गर्दीतल्या पोरांकडे बघितलं. "तुमच्यापैकी कुणीकुणी बंद केलाय?"

 मग खाटकाच्या मुलाने हात वर केला, कानाच्या उंचीपर्यंत. त्याच्यामागे सुताराच्या जुळ्या मुली. औषधवाल्याचा थोरला. आंब्यावर चढून बसलेला एक. आईबाप वळून आपापल्या पोरांकडे बघत होते आणि हात वर होत होते. ज्या ज्या घरी मेलेलं माणूस बोललं होतं, त्या प्रत्येक घरचा एक हात.

फाटकापाशी धावपळ उडाली. फ्रेदी मोबाइल खिशात कोंबत निसटू बघत होता. खाटकाने त्याची गचांडी धरली. त्या गडबडीत एर्मानो मागच्या कुंपणावरून कधी पसार झाला, ते कळलंच नाही.

लिदुविनाला ते बघायला वेळ नव्हता. सेफेरीनाबाई खुर्चीत कलंडल्या होत्या. तिने त्यांना कवेत घेतलं आणि गाडीकडे ओढत नेलं. वाटेत त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "टोच," एवढंच म्हणाल्या. "लवकर टोच."

चार दिवस त्या आरोग्य केंद्रात होत्या. दुसऱ्या दिवशी बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी एर्मानोला एकही शिवी दिली नाही.

"मला वाटलं होतं गं, खरंच तो बोलतोय," छताकडे बघत त्या म्हणाल्या. "तो दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतंय मला."

लिदुविनाने त्यांचा हात हातात घेतला.  ती म्हणाली, "आई, त्यांच्या आठवणी काढून रडायला कुणाची ना नाही. प्रार्थनेलाही नाही. पण जो तुमचं औषध सोडायला सांगतो, तो तुमच्या माणसाचा निरोप आणत नाही."

पोलिसांनी फ्रेदीच्या दुकानातले संगणक उचलून नेले. एर्मानोचा पत्ता लागला नाही. कुणी म्हणतं सीमेपलीकडे गेला. गेला असेल तिथे पुन्हा पांढरा सदरा घालून उभा राहीलच.

पुढच्या शनिवारी लिदुविनाने शाळेत आईबापांना आणि पोरांना एकत्र बसवलं. खाटीक पट्टा काढायच्याच तयारीने आला होता.

"मारून काय होईल?" तिने विचारलं. "पुढच्या वेळी तो हात वर करणार नाही, एवढंच. त्या दिवशी त्याने हात वर केला म्हणून तुमचं घर वाचलं."

मग तिने फळ्यावर लिहून सांगितलं नाही, करून दाखवलं. संगणक आधी साफ करून घ्यायचा, सगळे पासवर्ड बदलायचे. पोरांसाठी वेगळं खातं काढायचं, ज्यातून अँटीव्हायरस बंद करता येत नाही आणि नवा प्रोग्राम बसवता येत नाही. मोठ्यांच्या खात्याला पासवर्ड, आणि तो मोठ्यांच्या डोक्यात, पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नव्हे.

"एवढं केलं की झालं?" सुताराने विचारलं.

"नाही. पोरं आपल्याहून हुशार आहेत, कुलूप उघडायची वाट शोधतीलच. म्हणून कुलूप का आहे तेही सांगा. आणि लाल पाटी आली म्हणून बोलवायला आली तर ओरडू नका. ओरडलात की ती पुढच्या वेळी फ्रेदीकडे जातील."

दोनेक आठवड्यांनी लिदुविना वह्या तपासत होती. ओसरीतून डेर्लिसची हाक आली. "आई! लाल पाटी आलीय. मी काही दाबलं नाही. तू बघ आधी."

ती उठून गेली. त्याच्या मित्राने पाठवलेली कसलीशी फाइल होती. दोघांनी मिळून पाटी वाचली, न समजलेला शब्द शोधला, आणि फाइल टाकून दिली. हिरे गेल्याचं डेर्लिसला वाईट वाटलं. थोडा वेळ तो फुरंगटून बसला. मग आजीने म्बेजू खायला बोलावलं तसा उठला.

वाचकहो, आत्मे विजेतून येत नाहीत, आणि भोंदू आकाशातून पडत नाहीत. आपण न विचारलेल्या प्रश्नांतून ते आत येतात. या माणसाला हे कळलं कसं? आणखी कुठल्या वाटेने कळू शकलं असतं? तार काढली तरी चमत्कार टिकतो का? हे विचारायला शिक्षक व्हावं लागत नाही. आणि तुमच्या घरच्या त्या यंत्रावर, कोपऱ्यातली ढाल आज हिरवी आहे की लाल, ते आधी उठून बघा. मग पोरांना शेजारी बसवा, आणि दोघं मिळून बघा.